घरात सोल्डरिंग आयर्न: विकत आणण्यापासून पहिला पक्का जॉइंट बसेपर्यंत

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ओसरला तेव्हा सांगलीत आमच्या गल्लीत प्रत्येक दारात काही ना काही वाळत पडलं होतं. गाद्या, मिक्सर, पोथ्या, आणि आमच्या कट्ट्यावर वडिलांचा रेडिओ. त्यावर ते रोज सकाळी सांगली आकाशवाणी लावायचे. चिखल धुतला, आठवडाभर ऊन दिलं, मग मी तो उघडला. स्पीकरची एक तार नुसती लोंबत होती. एवढंच काम, म्हणून मिळेल तो सोल्डरिंग आयर्न (तापलेल्या टोकाने सोल्डर, म्हणजे कथील-शिशाची तार, वितळवून जोड बसवायचं हत्यार) आणला, पत्राकाम करणारे वापरतात ते जहाल फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून धातू साफ करणारा लेप) आणलं आणि तार चिकटवली. रेडिओ वाजला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मुका झाला. उघडून बघतो तर जोडावर हिरवट थर आणि तार परत लोंबतेय.

मग गावभागातल्या एका निवृत्त टीव्ही मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी माझ्या हातात आयर्न दिला आणि समोर बसून बघत राहिले. मी टोकावर सोल्डर वितळवून त्याचा गोळा तारेवर नेऊन ठेवला. काका म्हणाले, "लेका, सगळं लोखंडाला चारतोयस. जोड उपाशीच हाय."

हा लेख त्या एका वाक्याभोवतीच आहे. पण आधी सामान आणि जागा, कारण निम्म्या चुका तिथेच होतात.

१. काय आणायचं

हार्डवेअरच्या दुकानात जाऊ नका. इलेक्ट्रॉनिक्सचे स्पेअर पार्ट विकणाऱ्या दुकानात जा. तिथे "मला शिकायचंय" म्हटलं की दुकानदार सहसा चार गोष्टी जास्तच सांगतो. बिल मात्र मागून घ्या. नव्या आयर्नचा एलिमेंट महिन्याभरात गेला तर बिलाशिवाय कुणी बदलून देत नाही.

– आयर्न: तारा, छोटे सर्किट बोर्ड, खेळणी यांना २५ वॅट पुरतो. पैसे असतील तर तापमान कमीजास्त करता येणारा ६० वॅटचा घ्या. १०० वॅटचा "जोरदार" आयर्न नवशिक्याने घेऊ नये, त्याने बोर्डवरची तांब्याची पट्टी उखडते.
– स्टँड: स्प्रिंगचा, जड बुडाचा. आयर्न घेतला आणि स्टँड नंतर बघू म्हटलं, तर आयर्न घेऊच नका.
– सोल्डर: ६०/४० लिहिलेलं, आत राळ असलेलं, बारीक. २२ गेज, म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचं. ५० ग्रॅमचं रीळ वर्षभर जातं.
– फ्लक्स: राळेचं. ॲसिडचं नाही.
– कटर, छोटी पक्कड, सोल्डर ओढून घ्यायचा पंप.
– मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं यंत्र): स्वस्तातला चालेल.
– साधा चष्मा किंवा गॉगल. तारेचं कापलेलं टोक उडतं, आणि ते नेमकं डोळ्याकडेच येतं.

सोल्डरवर जरा थांबतो, कारण फसवणूक इथेच जास्त. ६०/४० म्हणजे ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं. ते १८३ अंशाला मऊ व्हायला लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतं. कथील महाग, शिसं स्वस्त, म्हणून स्वस्त रिळात प्रमाण उलटं असू शकतं. ४० टक्के कथील असलेलं सोल्डर पूर्ण पातळ व्हायला २३८ अंशांपर्यंत जावं लागतं, आणि तोवर ते लापशीसारखं अर्धवट राहतं. नवशिक्याला वाटतं हात वाईट आहे. हात ठीक असतो, माल वाईट असतो. चांगल्या ६०/४० चा थेंब गार झाल्यावर चकचकतो. शिसं नसलेलं सोल्डरही मिळतं, ते २१७ ते २२० अंशांना वितळतं आणि त्याचा जोड मुळातच थोडा मंद दिसतो. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तेच घ्या, फक्त शिकायला थोडा जास्त वेळ द्या.

आणि ॲसिड फ्लक्स. पत्र्याला, रेडिएटरला ते ठीक आहे. तारेवर आणि बोर्डवर ते मागे राहतं, हवेतली ओल ओढतं आणि तांबं खात बसतं. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात हे काम जोरात चालतं. माझ्या जोडावरचा हिरवा थर तोच होता.

२. बसायचं कुठे

पलंगावर नाही, सतरंजीवर नाही, आणि सनमायकाच्या टेबलावर तर नाहीच. घराच्या कामातून उरलेला शहाबादी फरशीचा किंवा कडाप्प्याचा तुकडा कुठे तरी टेकवलेला असतो, तो धुऊन टेबलावर ठेवा. ना जळतो, ना डागाची चिंता. फक्त दगड उष्णता ओढून घेतो, म्हणून ज्या वस्तूवर काम करायचं तिच्याखाली प्लायवूडचा लहान तुकडा सरकवा.

आयर्नची वायर टेबलाच्या मागच्या बाजूने जाऊ द्या. समोरून लोंबणारी वायर पोरांच्या पायात अडकते. वायर आयर्नच्या टोकाला कुठेही टेकत नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा. प्लास्टिकचं आवरण क्षणात वितळतं आणि आत उघडी तार असते.

धुराचं काय? लोक शिशाच्या धुराला घाबरतात. शिसं उकळतं १७४९ अंशांना, आपला आयर्न साडेतीनशेच्या आसपास असतो, त्यामुळे शिशाची वाफ होत नाही. जो पांढरा धूर नाकात जातो तो राळेचा. तो निरुपद्रवी आहे असं मात्र समजू नका. रोज हुंगला तर दमा लागू शकतो, आणि आधीच दमा असेल तर एका संध्याकाळीही त्रास होऊ शकतो. खिडकी उघडा आणि छोटा पंखा असा ठेवा की धूर तुमच्या तोंडासमोरून खिडकीकडे ओढला जाईल. पंख्याचा झोत थेट जोडावर नको, तो गार होतो. आणि जोडाच्या अगदी वर वाकू नका. नाही तरी सगळे वाकतात. मीही वाकतो, मग नाकात झिणझिण्या आल्या की मान मागे घेतो.

अंगावर सुती कपडे. नायलॉनवर थेंब पडला तर कापड वितळून कातडीला चिकटतं. ओढणी, पदर, मोकळे केस बांधून घ्या. पायात चप्पल असली तरी पाऊल उघडंच राहतं, म्हणून मी जुने बूट टेबलाखालीच ठेवले आहेत.

३. प्लग लावण्याआधीची पाच मिनिटं

आयर्न गार आहे, प्लग हातात आहे. मल्टिमीटर ओहमवर ठेवा.

प्लगच्या दोन मुख्य पिनांमध्ये मोजा. साध्या २५ वॅटच्या आयर्नचा आकडा २१०० ओहमच्या आसपास यायला हवा (२३० चा वर्ग भागिले २५). तापमान बदलता येणाऱ्यात आत सर्किट असतं, तिथे हा आकडा जुळणार नाही, ते सोडून द्या.

मग एक प्रोब (मीटरच्या वायरची टोकदार सळई) आयर्नच्या टोकाला, दुसरी त्या दोन पिनांना आळीपाळीने. मीटरने ओहमचा कुठलाही आकडा दाखवता कामा नये. दाखवलं तर आयर्न परत करा.

थ्री-पिन असेल तर जाड पिन आणि टोक यांच्यात जवळजवळ शून्य यायला हवं.

एवढं करूनही एक प्रश्न उरतो. तुमच्या भिंतीतल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का? जुन्या वाड्यांमध्ये, आणि वाडा पाडून बांधलेल्या काही घरांतसुद्धा, थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या भोकात तारच नसते. आमच्याकडे तसंच होतं. तापलेल्या आयर्नच्या टोकाला टेस्टर लावला तर तो मंद पेटला. हाताला झटका बसेल इतकं ते नव्हतं, पण बोर्डवरची नाजूक आयसी (चिप) उडायला पुरेसं होतं. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या. सोल्डरिंग सोडून दिलंत तरी हे दोन्ही घरात हवंच.

थ्री-पिन प्लगची जाड पिन कापून टू-पिनमध्ये घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसं करू नका.

४. टोकाला कल्हई

लहानपणी कल्हईवाला दारात बसायचा ते आठवतंय? भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, भक्कन धूर यायचा, मग कथील फिरवायचं आणि काळं भांडं चांदीसारखं व्हायचं. आयर्नच्या टोकाचं अगदी हेच आहे. नवसागराच्या जागी राळ, एवढाच फरक.

नवा आयर्न पहिल्यांदा तापताना थोडा धूर आणि वास येतो, घाबरू नका. सोल्डरची तार टोकाला टेकवत राहा. ज्या क्षणी ती पहिल्यांदा वितळेल त्याच क्षणी टोक चहूबाजूंनी सोल्डरने माखून घ्या. इथे उशीर केला, चहा प्यायला उठलात, तर परत येईपर्यंत टोक काळं पडलेलं असतं आणि मग त्यावर सोल्डर थांबत नाही, मण्यासारखं घरंगळून जातं.

टोक पुसायला ओलसर स्पंज किंवा पितळी तारेची गुंडाळी. स्पंज नुसता ओलसर हवा, पाणी गळणारा नाही. टेकवल्यावर बारीक "चुस्स" झालं पाहिजे. फोडणीसारखा आवाज आला तर पाणी जास्त आहे. अंघोळीचा स्पंज वितळतो. भांड्याची स्टीलची घासणी टोकाचा मुलामा ओरबाडते.

काळ्या टोकाला कानस लावावी का? टोक तांबडं, साध्या तांब्याचं असेल तर लावा आणि लगेच पुन्हा कल्हई करा. चंदेरी असेल तर त्यावर लोखंडाचा मुलामा आहे असं धरून चाला आणि कानस दूर ठेवा. मुलामा एकदा गेला की सोल्डर आतलं तांबं खात जातं आणि लवकरच टोकाला खड्डा पडतो.

५. पहिला जॉइंट

पहिला प्रयोग रेडिओवर नको, टीव्हीवर तर अजिबात नको. एखादा मेलेला बोर्ड घ्या (भंगारवाल्याकडे मिळतो) आणि त्यावर सराव करा. त्याच्या खालच्या बाजूला पार्टच्या तारा जिथे तांब्याच्या गोल चकतीतून बाहेर आल्या आहेत, तिथे.

आयर्न पेनसारखा धरा, पण मागे, हँडलवर. तापमान लावता येत असेल तर ३२० ते ३५०.

टोक पुसा. टोकावर सोल्डरचा अगदी कण ठेवा. हा कण जोडण्यासाठी नाही, उष्णता पलीकडे जायला वाट म्हणून.

आता टोक असं टेकवा की ते एकाच वेळी चकतीलाही लागेल आणि तारेलाही. एक-दोन सेकंद काहीच करू नका. हे दोन सेकंद फार लांब वाटतात.

मग सोल्डरची तार दुसऱ्या बाजूने आणा आणि ती जोडाला लावा, आयर्नला नाही. जोड तापला असेल तर सोल्डर आपोआप वितळेल आणि चकतीभर पसरून तारेवर चढेल. जोडाने वितळवलेलं सोल्डर धरतं. आयर्नने वितळवलेलं नुसतं वर बसतं. काकांचं ते उपाशी जोडाचं वाक्य इथे लावा.

आधी सोल्डर काढा, मग आयर्न. एकूण तीन-चार सेकंद. त्यानंतर दोन सेकंद तारेला हलवू नका, फुंकरही मारू नका. या क्षणी जवळून बघितलं तर एक गंमत दिसते. पातळ सोल्डर आरशासारखं चमकत असतं, आणि गोठताना त्यावरून कडेकडून आत एक हलकी सावली सरकते. सावली थांबली की जोड बसला.

चांगला जोड तारेभोवती किंचित खोलगट, उताराचा असतो. टेकडीसारखा. गोळ्यासारखा फुगलेला, दाणेदार, मळकट दिसला तर तो कोरडा जोड. नुसतं पुन्हा तापवून भागत नाही, कारण राळ जळून गेलेली असते. थोडं फ्लक्स लावा आणि मग तापवा. पंपाने जुनं काढून नवं भरलं तर आणखी चांगलं.

दहा जोड वाईट येतील, अकरावा बरा येईल. एका बैठकीत वीस करा, मग थांबा. थकलेल्या हाताने भाजतं.

६. दोन तारा जोडताना

आवरण सोला, तारा पिळून एकमेकींत गुंतवा, खालून तापवा, वरून सोल्डर द्या. सोल्डर तारांच्या आत शोषलं गेलं पाहिजे.

आणि स्लीव्ह आधी घाला! उष्णतेने आवळणारी ती काळी नळी जोड करून झाल्यावर आठवते, आणि तेव्हा तारेची दोन्ही टोकं अडकलेली असतात. मला अजूनही दर चौथ्या वेळी हे होतं.

काही तारा सोल्डर घेतच नाहीत. स्वस्त वायर खरवडून बघा, वरचा तांब्याचा रंग जाऊन आत पांढरं दिसलं तर ते बहुधा ॲल्युमिनियम आहे, साध्या सोल्डरने नीट धरणार नाही. इअरफोनच्या बारीक तारांवर वार्निश असतं, ते आधी ब्लेडने खरवडावं लागतं किंवा तापलेल्या टोकावर सोल्डरच्या थेंबात जाळावं लागतं.

एका ठिकाणी मात्र सोल्डर लावायचंच नाही: प्लग टॉपमध्ये किंवा स्विच बोर्डात स्क्रूखाली जाणाऱ्या तारेच्या टोकाला. दिसायला सुबक दिसतं, पण स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं, पकड ढिली होते, आणि ढिल्या जागी ठिणग्या. गिझरचा प्लग असा जळालेला मी पाहिला आहे.

७. कशाला हात लावायचा नाही

चालू वीज असलेल्या वस्तूला, हे उघड आहे. पण प्लग काढलेली वस्तूसुद्धा सुरक्षित नसते. टीव्ही, चार्जर, एलईडी बल्ब यांच्या आत २३० व्होल्टची वीज डीसी होऊन ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहते. प्लग काढल्यावरही ती झटका देते. पहिले सहा महिने बॅटरीवर चालणाऱ्या गोष्टींवरच काम करा: टॉर्च, खेळणी, घड्याळ, रिमोट. मायक्रोवेव्ह कधीच उघडू नका.

लिथियमच्या सेलवर थेट सोल्डर करू नका. उष्णतेने आतलं आवरण खराब होतं, आणि तो सेल पेट घेऊ शकतो, कधी तिथल्या तिथे तर कधी चार दिवसांनी कपाटात. पट्ट्या आधीच लावलेला सेल मागा आणि पट्टीवर काम करा. त्यातही दोन टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

८. भाजलं तर

आयर्न हातातून सुटला तर त्याला पडू द्या. हे लिहायला सोपं आहे. हात आपोआप झेलायला जातो. माझ्या डाव्या तळव्यावर त्याची खूण आहे. काकांनी मला गार आयर्न टेबलावरून मुद्दाम पाडायला लावला होता, आठ-दहा वेळा, हात मागे घ्यायची सवय लागावी म्हणून. वेडगळ वाटलं, पण उपयोग झाला.

भाजलेली जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. दोन मिनिटं नाही, वीस. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढा, नंतर सूज येते. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. हळदही नको. सांगलीत हे सांगणं म्हणजे धाडसच, घराघरात ती डब्याने असते आणि आजी ती घेऊन धावतेच. तिला सांगा, आधी वीस मिनिटं पाणी. फोड आला तर फोडू नका. डोळ्यात काही गेलं, किंवा तळहातापेक्षा मोठा भाग भाजला, तर सरळ डॉक्टर.

९. आवरताना

बंद करण्याआधी टोकावर सोल्डरचा जाडसर थर द्या आणि तसाच राहू द्या, पुसू नका. गंज त्या थराला लागतो, टोकाला नाही. पुढच्या वेळी तापल्यावर तो थर पुसला की खाली टोक चकचकीत.

प्लग काढा. नुसता स्विच बंद करून उठू नका. गार व्हायला पंधरा मिनिटं सहज लागतात, आणि गार झालेला आयर्न आणि तापलेला आयर्न दिसायला अगदी सारखेच असतात. घरातल्यांना कळावं म्हणून मी स्टँडला लाल फडकं बांधतो. गार झाला की सोडतो.

सोल्डरचे तुकडे, पंपातून निघालेला चुरा एका डबीत. केरात, मोरीत किंवा कुंडीत टाकू नका. टेबल कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

मग साबणाने हात, नखांसकट. शिसं धुरातून आलं नाही तरी बोटांवरून तोंडात जातं, आणि सोल्डरची तार तासभर बोटांतच असते. संध्याकाळी काम करताना शेजारी भडंगाची वाटी ठेवायची मला फार सवय होती. काकांनी पहिल्याच दिवशी ती उचलली, स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि परत येऊन म्हणाले, "आता कर पुढचा जॉइंट."

रेडिओची तार त्यानंतर आठवड्याने लावली. जुनं हिरवं खरवडलं, तार बोटभर मागे कापून नवी सोलली, राळ लावली, दोन सेकंद थांबलो. वडील तो अजून सकाळी लावतात, आवाज जरा जास्तच मोठा.